नवदंपतीची पहिली वही

मार्गशीर्ष लागला की आमच्या लाखांदुराकडे चार दिवस पैशाचा आवाज ऐकू येतो. धान कापून, मळून, पोत्यांत भरून विकले गेलेले असते. वर्षभर रिकामे असलेले खिसे एकाएकी जड होतात. गावोगावच्या मंडया भरतात, रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात, नवी लुगडी, नव्या दुचाक्या आणि नवे मोबाईल घरोघर दिसू लागतात. याच घरांतील कर्ता पुरुष आषाढात बी-खताच्या पैशासाठी दुसऱ्याच्या ओट्यावर बसलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. मधल्या सहा महिन्यांत कोणी चोरी केलेली नसते. पैसा ज्या वाटेने आला त्याच वाटेने गेलेला असतो. फरक इतकाच, की येताना तो मोजला गेला आणि जाताना कोणी मोजला नाही.

गेल्या मार्गशीर्षात आमचा पुतण्या आणि त्याची पत्नी घरी आली होती. विवाहास वर्षही झालेले नाही. दोघेही नागपुरास नोकरीस आहेत. जेवणे झाल्यावर पुतण्या सहज म्हणाला, "काका, आम्हां दोघांचे वेतन मिळून तुमच्या काळच्या चार घरांना पुरले असते. मग महिन्याच्या वीस तारखेस हात मोकळा कसा होतो?" त्याची पत्नी इतका वेळ सुपारी कातरीत बसली होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "आणि काका, घरी दरमहा किती पाठवावे हे आम्हांला कोणीच सांगत नाही. कमी पाठविले म्हणजे मात्र सर्वांना कळते."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अंकगणिताच्या पुस्तकात सापडेल. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी चपापलो. कारण एकत्र कुटुंबातील तरुण जोडप्याची खरी अडचण तिने एका वाक्यात सांगितली होती आणि तीच अडचण एके काळी आमच्या घरात माझ्या चुकीमुळे फार वाईट रूपाने उभी राहिली होती. ती गोष्ट पुढे सांगणार आहे. आधी थोडा विचार हिशेबाचा.

आय, व्यय आणि नीवी

आपल्याकडे हिशेब ही व्यापाऱ्याची विद्या समजली जाते आणि शिकलेल्या माणसाने पैशाचा फार विचार करणे हलकेपणाचे मानले जाते. आपल्या पूर्वसूरींचे मत असे नव्हते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राज्याच्या जमाखर्चाची तीन अंगे सांगितली आहेत : आय, व्यय आणि नीवी. नीवी म्हणजे खर्च वजा जाता उरलेली शिल्लक. त्याचे हिशेबाचे वर्ष आषाढी पौर्णिमेस संपते आणि अधिकाऱ्यांनी त्या वेळी आपापल्या वह्या घेऊन हजर व्हावे, असा दंडक आहे. आमच्या धानाच्या मुलखातही आषाढ हाच कसोटीचा महिना. त्या महिन्यात ज्याच्याजवळ नीवी आहे तो रोवणी करतो आणि ज्याच्याजवळ नाही तो कर्ज करतो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात द्रव्याचा संग्रह आणि व्यय ही दोन्ही कामे पत्नीकडे सोपवावी असे सांगितले आहे. स्त्रियांना जखडून ठेवणारी वचने त्या ग्रंथातून निवडून पाठ करणारे लोक हे वचन मात्र सोयीस्करपणे विसरतात. वात्स्यायनाचे नाव काढले की सोज्ज्वळ माणसांच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु त्याच्या ग्रंथातील गृहिणीच्या कर्तव्यांचे प्रकरण कोणाही सासूने सुनेच्या हाती निःशंकपणे द्यावे असे आहे. गृहिणीने वर्षाची मिळकत मोजून तिच्या बेताने खर्च ठरवावा आणि रोजच्या जमाखर्चाचा रोज मेळ घालावा, असे तो सांगतो. या दोन सूचनांतच संसाराचे अर्थशास्त्र जवळजवळ संपले.

यातील 'वर्षाची मिळकत' हा शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. वेतनावर राहणारा माणूस महिन्याचा हिशेब करतो आणि तेथेच फसतो. किराणा, दूध, वीज आणि घरभाडे दर महिन्यास येतात. परंतु विम्याचा हप्ता, मुलांचे शुल्क, दिवाळी, घरची कार्ये, आहेर, गाडीची दुरुस्ती आणि वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ही महिन्याची वाट पाहत नाहीत. त्यांना आपण 'अचानक आलेला खर्च' म्हणतो. दिवाळी दरसाल येते; तिला अचानक आलेली कशी म्हणावे? म्हणून नव्या जोडप्याने पहिल्या पानावर वर्षाचे खर्च मांडावेत, त्यांची बेरीज बारांनी भागावी आणि तो भाग दरमहा वेगळा काढावा. शेतकऱ्यास एकदाच मिळालेले पीक बारा महिन्यांत वाटावे लागते. नोकरदारास बारा वेळा मिळालेले वेतन एका वर्षात गोळा करून पाहावे लागते. रीत एकच, दिशा तेवढ्या उलट.

दुसरी सूचना रोजच्या मेळाची. पूर्वी कीर्द-खतावणीचे ज्ञान नसले तरी एक नैसर्गिक लगाम होता. रुपया हातातून जाताना हाताला कळे. २०१६ पासून मोबाईलवरून पैसे देण्याची जी सोय झाली, तिने व्यवहार फार सुलभ केला यात शंका नाही. आमच्या आठवडी बाजारातील भाजीवाल्या बाईपुढेही आता ते चौकटीचे चित्र ठेवलेले असते. परंतु या सोयीत हाताला काहीच कळत नाही. सुटे पैसे परत येत नाहीत, पाकीट हलके होत नाही. फक्त एक लहानसा आवाज होतो. असे वीस आवाज झाले की महिन्याची वीस तारीख उजाडते. या रोगावर औषध जुनेच आहे : रात्री निजण्यापूर्वी दोघांनी मिळून दहा मिनिटे बसावे आणि दिवसाचा खर्च आपल्या हाताने वहीत उतरावा. मोबाईलमध्ये त्याची नोंद असतेच, मग पुन्हा लिहावे कशाला, असे पुतण्याने विचारले. मी त्याला म्हटले, "शुद्धलेखन पुस्तकात छापलेले असतेच, तरी आम्ही ते मुलांकडून लिहून का घेत होतो?"

आधी शिल्लक, मग खर्च

खर्च वजा जाता उरेल ते शिल्लक टाकू, असे म्हणणाऱ्याची शिल्लक सहसा उरत नाही. कारण खर्चाचा गुण पाण्यासारखा आहे. जागा दिली तितका तो पसरतो. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. मालगुजारीच्या काळात पावसाचे पाणी वाहून जाण्यापूर्वी पाळ घालून अडविले गेले. आश्विनात पाऊस दगा देतो आणि धान पोटरीवर असते तेव्हा तेच साठविलेले पाणी पीक तारते. पाऊस सरल्यावर पाळ घालावयास निघालेला मनुष्य कोणी पाहिला आहे काय? वेतन हाती येताच, त्याच दिवशी, शिल्लकेचा भाग बाजूस गेला पाहिजे. डाकघरातील किंवा बँकेतील आवर्त ठेवीची तारीख वेतनाच्या दुसऱ्या दिवसाची ठेवावी, म्हणजे मनाची परीक्षा दरमहा घ्यावी लागत नाही.

किती टाकावे, यापेक्षा केव्हा सुरू करावे हे अधिक महत्त्वाचे. मी पुतण्यास फळ्यावर मांडावे तसे कागदावर मांडून दाखविले. समजा, एका जोडप्याने दरसाल १२,००० रुपये, म्हणजे दरमहा १,००० रुपये, शेकडा ७ चक्रवाढ व्याजाने ३० वर्षे ठेवले. त्यांनी भरलेली रक्कम ३,६०,००० रुपये; हाती येणारी सुमारे ११,३३,००० रुपये. शेजारच्या जोडप्याने 'आत्ता हौसमौज करू, मग पाहू' म्हणून दहा वर्षे उशिरा आरंभ केला आणि २० वर्षे तेवढेच पैसे भरले. त्यांनी भरले २,४०,००० रुपये. हाती येतील सुमारे ४,९२,००० रुपये. म्हणजे १,२०,००० रुपये कमी भरल्याचे मोल सहा लाखांहून अधिक पडले. वयाची पहिली दहा वर्षे ही अशी महाग असतात आणि नेमकी ती आपण स्वस्त समजून उधळतो. व्याजाचा दर पुढे कमीअधिक होईल. या उदाहरणातील धडा मात्र बदलणार नाही.

तरी नुसते साठविणे म्हणजे राखणे नव्हे. पेटीत ठेवलेला रुपया दिसतो तसाच राहतो, पण त्याचा जोर ओसरतो. महागाई शेकडा सहाने वाढत गेली तर बारा वर्षांत रुपयाची क्रयशक्ती अर्ध्यावर येते. म्हणून अडीअडचणीस लागणारी रक्कम सोडून बाकीची कामास लावावी. अडीअडचणीची रक्कम किती असावी, याचे माप मी असे सांगतो : दोघांपैकी एकाचेही वेतन आले नाही तरी चार महिने चूल पेटेल इतकी. हे माप कोणास मोठे वाटेल. परंतु ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा आमच्या तालुक्यातील नदीकाठच्या कुटुंबांनी एका रात्रीत घर, धान आणि कागदपत्रे तिन्ही पाण्यात पाहिली. आणि त्याच वर्षी टाळेबंदीमुळे शहरांत किती घरांतील वेतने थांबली हे सर्वांस ठाऊक आहे. संकट येताना आपली ओळख करून देत नाही.

पैसा ठेवावा कोठे

तरुण मंडळी व्याजाचा दर आधी विचारतात; मी म्हणतो, आधी भांडे गळते आहे काय ते पाहा. आपल्या देशात डाकघरातील बचत बँक १८८२ पासून चालत आली आहे आणि तेथील ठेवीमागे केंद्र सरकारची हमी असते. बँकेतील ठेवींस विम्याचे संरक्षण १९६२ पासून आहे. आरंभी त्याची मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. परंतु गावोगावच्या पतसंस्था म्हणजे बँका नव्हेत. त्यांतील ठेवींस हा विमा लागू नाही. पतसंस्था सर्वच वाईट असतात असे मी म्हणत नाही. अडल्या वेळी गरिबाच्या दाराशी त्याच उभ्या राहतात. पण दोन टक्के व्याज अधिक मिळते म्हणून जन्माची पुंजी तेथे एकवटणाऱ्याने हा भेद जाणून मग ठेवावी. दीर्घ मुदतीसाठी १९६८ साली सुरू झालेली सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीची योजना आहे. तिची मुदत १५ वर्षांची आणि मुलीच्या शिक्षण-विवाहासाठी २०१५ पासून सुकन्या समृद्धी योजना आहे. दागिन्यांविषयी एवढेच सांगतो : अंगावर घालण्याचे सोने ही हौस आहे आणि हौस करावी, मात्र घडणावळ व तूट देऊन घेतलेल्या हौसेस शिल्लक म्हणू नये.

विम्याविषयी एक गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा कायदा अजून जिवंत आहे आणि १९२३ च्या दुरुस्तीने त्याचे सहावे कलम हिंदूंसही लागू झाले. पतीने आपल्या आयुष्याचा विमा पत्नीच्या व मुलांच्या हितार्थ या कलमाखाली उतरविला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्तनिधी ठरते. पतीचे सावकार तिच्यावर हात घालू शकत नाहीत. विमापत्र घेतानाच तसे नमूद करावे लागते. नवविवाहित पुरुषाने पत्नीस पैठणीच्या आधी हे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन प्रसिद्ध संसार

येथवर सांगितलेले सर्व कोणी पाळले तरी एक गोष्ट उरते आणि ती अंकांत मावत नाही. ती समजण्यासाठी दोन संसारांची आठवण करून देतो. दोन्ही आपल्या वाचनातील आहेत.

धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया. कर्वे हिशेबास किती काटेकोर! तरुणपणापासून मिळकतीतील ठरावीक अंश लोककार्यासाठी वेगळा काढण्याचा त्यांचा नेम होता आणि मुरूडच्या ग्रामहिताचा फंड त्यांनी अशाच थेंबाथेंबाने उभा केला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली आणि मग घरची शिल्लक संस्थेकडे वळली. विम्याचे संरक्षणही संस्थेस अर्पण झाले. आनंदीबाईंनी 'माझे पुराण' या १९४४ च्या आत्मकथेत आपली बाजू सांगितली आहे. पतीच्या कार्यावर त्यांची निष्ठा होती. त्या स्वतः आश्रमासाठी राबल्या, वर्गणी गोळा करीत फिरल्या. परंतु मुलाबाळांचे काय, ही विवंचना त्यांच्या पदरी पडली आणि सुईणपणाचे शिक्षण घेऊन त्यांनी आपल्या मिळकतीची वाट काढली.

दुसरा संसार नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा. आमच्या भंडाऱ्याच्या एका अंगास नागपूर आणि दुसऱ्या अंगास राजनांदगाव. दोन्ही ठिकाणी हे बिऱ्हाड राहिलेले. टिळक मनाने राजा आणि पैशाच्या बाबतीत बालक. घरातले देऊन टाकावे आणि घरात काय उरले याचा विचार करू नये, असा त्यांचा स्वभाव. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हे सारे इतक्या निर्मळ विनोदाने सांगितले आहे की वाचणाऱ्यास हसू येते. पण ज्या बाईला रिकाम्या डब्यांतून स्वयंपाक काढावा लागला, तिला त्या वेळी हसू आले असेल असे मला वाटत नाही. हसण्याइतके अंतर पडावयास वर्षे जावी लागतात.

या दोन्ही घरांत कोणी व्यसनी नव्हते, कोणी उधळे नव्हते. उलट दोघेही पुरुष थोर होते. तरी पैशाच्या निर्णयाचा भार ज्याने तो निर्णय घेतला त्याच्यावर न पडता पत्नीवर पडला. थोरांच्या घरी त्या भारातून काही उदात्त निपजले. माझ्यासारख्या सामान्य मास्तराच्या घरी काय निपजले, ते आता सांगतो.

माझी जामीनकी

गोष्ट १९९२ सालची. विवाह होऊन सहा वर्षे झाली होती. आम्ही तिघे भाऊ एकत्र राहत होतो; चूल एक, आईच्या हाती किल्ल्या, दादांच्या हाती वही. माझे वेतन सुमारे दोन हजार रुपये. त्यांतील बाराशे रुपये मी दरमहा आईच्या हाती देत असे. एका सहकाऱ्याने वीस हजारांचे कर्ज काढले आणि जामीन म्हणून माझी सही मागितली. चहा पिता पिता मी सही करून दिली. घरी बोललो नाही. 'नुसती सही तर आहे', असे मनास सांगितले.

वर्षभराने तो सहकारी हप्ते थकवून गाव सोडून गेला आणि माझ्या वेतनातून दरमहा साडेचारशे रुपये कापले जाऊ लागले. जामिनाचे दायित्व मूळ ऋणकोच्या बरोबरीचे असते, हे १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम मला तेव्हा एका कारकुनाने वाचून दाखविले. विशेष असे, की 'प्रातिभाव्य' या शब्दाची व्युत्पत्ती मी मुलांना शिकवीत होतो! याज्ञवल्क्याने जामिनाचे तीन प्रकार सांगितले आहेत : हजर करण्याचा, भरवशाचा आणि देण्याचा. तिसरा प्रकार सर्वांत जड. तो मुलांच्याही मानेवर बसतो. हे सर्व मला पाठ होते. पाठ असणे आणि ठाऊक असणे यांत किती अंतर आहे, ते त्या दिवशी कळले.

पण खरी चूक पुढेच आहे. मी आईच्या हाती बाराशेंऐवजी साडेसातशे रुपये देऊ लागलो आणि 'शाळेत कपात चालू आहे' असे मोघम सांगितले. कपात कसली, हे आईने विचारले नाही. मीही सांगितले नाही. पत्नीलाही सांगितले नाही. ती काळजी करील, हे निमित्त. खरे कारण लाज.

एकत्र घरात कमी आलेल्या पैशाला कारण लागतेच आणि खरे कारण मिळाले नाही की घर आपले कारण तयार करते. आमच्या घराने ते कारण माझ्या पत्नीत शोधले. 'धाकट्या सूनबाई वेगळे बिऱ्हाड मांडण्याची तयारी करीत आहेत', 'माहेरी पैसे जातात', अशी कुजबुज सुरू झाली. तिच्या हातातील तेलाचे भांडे मोजले जाऊ लागले. तिने एकदा मुलास बुंदीचे लाडू आणले तर वहिनी म्हणाल्या, "असतील बाई कोणाजवळ पैसे." ती उत्तर देत नसे, कारण आपल्यावर कोणता आळ आहे हेच तिला नीट माहीत नव्हते. मला माहीत होते. दीड वर्ष मी रोज तिच्या ताटाशेजारी बसून जेवलो आणि गप्प राहिलो.

शेवटी वेतनाची चिठ्ठी तिच्या हाती लागली, धुण्यास टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात. तिने ती वाळवली, घडी केली आणि रात्री माझ्यासमोर ठेवली. "अहो, पैसे गेले त्याचे मला काही नाही," ती म्हणाली, "पण मला एवढे ठाऊक असते, तर मी मान वर करून तरी वावरले असते." पुढे ती काही बोलली नाही आणि आजतागायत तो विषय तिने काढलेला नाही. तीस वर्षांत मी ते वाक्य विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी दादांपुढे चिठ्ठी ठेवली. ते पुष्कळ वेळ चष्मा पुशीत बसले. मग त्यांनी आईला, तिन्ही सुनांना आणि आम्हां भावांना माजघरात बोलाविले आणि सर्वांदेखत चिठ्ठी वाचली. "आपल्या घरात एका निरपराध बाईवर दीड वर्ष आळ राहिला," ते म्हणाले, "याला कारण याचा दुबळेपणा जितका, तितकीच माझी वही. या वहीत कोणी किती द्यावे ते लिहिलेले नाही, म्हणून कोणी किती दिले त्यावरून मन मोजले जाते." वहिनी उठून आत गेल्या. थोड्या वेळाने आतून माझ्या पत्नीस हाक आली आणि त्या दोघी बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. विचारण्याचा अधिकार मी गमावला होता.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या पाडव्यास आमच्या घराची नवी रीत ठरली. प्रत्येक मिळवत्याने वेतनाचा तिसरा हिस्सा सामायिक पेटीत टाकावा. ज्याचे वेतन अधिक त्याचा हिस्सा आपोआप अधिक. उरलेल्याचे काय केले, हे ज्या त्या जोडप्याचे स्वतःचे. त्याविषयी कोणी विचारू नये. जामीनकी, मोठे कर्ज आणि विमा या तीन गोष्टी मात्र पतिपत्नींनी एकमेकांस सांगितल्यावाचून करू नयेत. विमापत्रे, ठेवींच्या पावत्या आणि सातबारे एका पेटीत राहावेत. पेटीची जागा घरातील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास ठाऊक असावी. दरसाल पाडव्यास सामायिक वही सर्वांसमोर वाचली जावी. कर्जाचे उरलेले हप्ते मी माझ्या हिश्शातून फेडले. एकूण चार वर्षे लागली.

याज्ञवल्क्याचेच आणखी एक वचन मला पुढे सापडले. अविभक्त कुटुंबात भावांमध्ये, पितापुत्रांमध्ये आणि पतिपत्नींमध्ये परस्परांचे ऋण, जामीनकी वा साक्ष संभवत नाही, असे तो म्हणतो. कारण उघड आहे : जेथे मालकी एक आहे तेथे देणारा कोण आणि घेणारा कोण? नियम सुंदर आहे. पण तो पाळावयाचा तर त्या एक मालकीची माहितीही सर्वांस एकसारखी असली पाहिजे. आपल्या घरांनी मालकी सामायिक ठेवली आणि माहिती मात्र एका पुरुषाच्या कंबरेच्या किल्लीस बांधली. एकत्र कुटुंबे मोडली ती पुष्कळदा पैशाच्या अभावाने नव्हे, या अज्ञानाने मोडली.

खाजगी आणि गुप्त

म्हणून तरुण जोडप्यांना माझे सांगणे असे आहे. खाजगी आणि गुप्त हे दोन शब्द एक समजू नका. तुम्हां दोघांची स्वतंत्र शिल्लक असणे हा घराचा द्रोह नव्हे; ती खाजगी आहे. पत्नीच्या नावावर तिचे स्वतःचे खाते आणि तिच्या हातात तिचे स्वतःचे पैसे असणे यातही पतीचा अपमान नाही. स्त्रीधन ही कल्पना आपल्या धर्मशास्त्राइतकी जुनी आहे आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीच्या मालकीस पूर्णत्व दिले आहे. परंतु जी गोष्ट सांगताना लाज वाटते म्हणून लपविली जाते, ती गुप्त; आणि गुप्त गोष्टीचे व्याज सावकाराहून कडक असते. ते बहुधा दुसऱ्याच कोणाकडून वसूल होते.

कर्जाचीही हीच परीक्षा. दामदुप्पटीचा आपला जुना नियम असा, की एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून वाढू नये. आज उधारीच्या पत्त्यावर थकलेल्या रकमेस महिना ३ टक्क्यांनी व्याज चढले तर चक्रवाढीने सुमारे चोवीस महिन्यांत मुद्दल दुप्पट होते आणि तेथे ते थांबतही नाही. घर, शिक्षण, शेतीचे अवजार यांसाठी विचाराने काढलेले कर्ज आणि मंडईच्या चार दिवसांसाठी मोबाईलवर बोट दाबून काढलेले कर्ज यांतील भेद ओळखण्यास एकच प्रश्न पुरे : हे कर्ज मी आज रात्री जेवताना घरात सांगू शकेन काय? उत्तर 'नाही' असेल, तर ते काढू नये.

एवढे सांगून झाल्यावर मी सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर दिले. आमच्या घराचा तिसरा हिस्सा हा काही वेदमंत्र नव्हे. नागपुरास घरभाडे आहे. म्हणून त्यांचा हिस्सा पाचवा ठरवावा असे मी सुचविले आणि पुतण्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, यांनी ते पाडव्याच्या वहीत लिहून घेतले. आकडा लहान झाला याचे दादांना वाईट वाटले नाही. सूनबाईंच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला मात्र सर्वांना दिसला. कमी पाठविणे आणि ठरल्याप्रमाणे पाठविणे यांत रकमेचा फरक नसेलही. मान खाली असणे आणि वर असणे, हा फरक आहे.

निघताना मी त्यांना दोन रकान्यांची एक वही दिली. सूनबाईंनी तेथेच पेन मागून घेतले, पहिल्या पानावर तिथी-तारीख घातली आणि थबकून विचारले, "काका, वही केवढ्याची?"

"साठ रुपयांची. पण ती मी दिली आहे; खर्चात कशाला मांडतेस?"

"मग जमेस धरते," ती म्हणाली आणि तिने तसे लिहिले.